चैतूचा कठडा

आमच्या घराच्या पुढं अंगण नव्हतं, माच होता. घर नाल्याच्या चढावर, भामरागडच्या वाटेपासून बरंच आत, आणि दारातून पाऊल टाकलं की जमीन सरळ खाली उतरायची. म्हणून माझ्या बापानं, आम्ही त्याला बाबो म्हणायचो, नवं लग्न झालं तेव्हाच दारापुढं सागाचे खांब रोवून त्यांवर फळ्या अंथरल्या होत्या. घराच्या बाजूनं माच उंबऱ्याला लागून, आणि नाल्याच्या बाजूनं पुरुषभर उंच. माझा नातू मोबाइलवर परदेशातल्या घरांचे असेच लाकडी ओटे दाखवतो आणि म्हणतो, आजी, याला डेक म्हणतात. म्हणो बापडा. आमचं सगळं जगणं त्या माचावर चालायचं. मोहफुलं तिथं वाळायची, आंबिलीचं मडकं तिथं येऊन बसायचं, उन्हाळ्यात झोप तिथंच, भांडणंही तिथंच. चालताना फळ्या वाजायच्या, आणि कोण आलं ते आत चुलीपाशी बसून आवाजावरून कळायचं. बाबोची पावलं जड, धाकट्या बहिणीची, सोमीची, पळती. यायोची, म्हणजे आमच्या मायची, पावलं त्या काळात हळूहळू घासत यायला लागली होती, कारण तिचे डोळे जात चालले होते.

त्या माचाला कठडा नव्हता. कधी लागलाच नव्हता. डोळे असलेल्या माणसाला माचाची कड दिसते. पण एक दिवस यायो मोहफुलांचं सूप घेऊन निघाली ती कडेवरून खाली गेली. नशीब, खाली तणसाचा ढीग होता. हात मुरगळला, कपाळ खरचटलं, आणि ती ढिगात बसून हसत म्हणाली, "फुलं गोळा करा आधी, शेळ्या खातीन." आम्हीही हसलो. पण त्यानंतर ती माचावर यायची बंद झाली. भिंतीला पाठ लावून आत बसायची आणि बाहेर कोण काय करून राह्यलं ते विचारत राहायची. माझ्या यायोला असं अंधारात बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला ते सोसेना. कठडा पाहिजे, आणि तो मी करणार, हे मी त्याच आठवड्यात मनाशी ठरवून टाकलं.

आता तुम्ही म्हणाल, पोरीच्या जातीला लाकडाचं काय कळतं. आमच्याकडं बाईनं नांगराला हात लावायचा नाही आणि छपरावर चढायचं नाही, एवढं पक्कं. बाकी सगळं बाबोनं मला करू दिलं होतं. त्याला पोरगा नव्हता, आम्ही दोघीच. मी चालायला लागले तेव्हापासून त्याच्या मागं मागं. करवतीचं दुसरं टोक मी धरायची, गिरमिटानं भोक मी पाडायची, आणि लाकूड तासायचा वाकस तर माझ्याच हातचा. लाकूड तासताना उडणाऱ्या ढलप्यांचा वास अजून माझ्या नाकात आहे. ओल्या सागाचा वेगळा, धावड्याचा वेगळा. बाबो फार बोलायचा नाही. काम बरं झालं की "जमलं" म्हणायचा, आणि त्या एका शब्दावर माझा सगळा दिवस जायचा.

आणि मग घरात चैतू आला.

आमच्यात एक रीत आहे. ज्याला पोरगी पाहिजे पण देण्याघेण्याची ऐपत नाही, तो पोरगा लग्नाआधी सासऱ्याच्या घरी येऊन राहतो, काम करतो, आणि सासऱ्याच्या मनाला उतरला की लग्न होतं. कुठं कुठं त्याला लमसेना म्हणतात. चैतू सोमीसाठी आला होता. माझं लहानपणीच मामाच्या पोराशी ठरलेलं, तिकडं राजुऱ्याच्या बाजूला, तेव्हा मी जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. घरात पोरगा नाही म्हणून सोमीचा नवरा कायमचा इथंच राहणार, हेही ठाऊक होतं. ठाऊक असणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं. तो आला एक घोंगडी आणि एक कुऱ्हाड घेऊन. आल्या दिवसापासून राबायला लागला. पहाटे उठून गोठा, मग पाणी, मग लाकडं. बोलणं गोड, खाणं बेताचं, खोड म्हणून एक सापडत नव्हती. मी शोधली, खरंच सांगते, बसून बसून शोधली. आयत्या बिळावर नागोबा, असं मी सोमीला म्हटलं तर ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

जेवताना बाबो त्याच्या पानात माशाचा मोठा तुकडा टाकायचा. मला तुकड्याचं काही नव्हतं. पण करवतीचं दुसरं टोक आता तो धरायला लागला. एक दिवस गोठ्याच्या दारासाठी फळी तासायची होती, मी सवयीनं वाकसाकडं गेले, तर वाकस जागेवर नाही. बाहेर ठक ठक चाललेली. वाकसाचा दांडा माझ्या मुठीनं गुळगुळीत झालेला, आणि तो चैतूच्या मुठीत. बाबो बाजूला उकिडवा बसून बिडी ओढत पाहत होता, आणि म्हणाला, "जमलं." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. शब्दसुद्धा दुसरा नाही सापडला त्याला!

तेव्हा कठड्याचं मी घाईनंच काढलं. तेंदूपत्त्याचे दिवस आले होते. गावं रिकामी करून लोक दूरच्या जंगलात पानं तोडायला मुक्कामाला जायची. आम्हीही निघालो होतो, यायोसुद्धा, कारण पुडे बांधायला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात. घर आणि ढोरं राखायला चैतू मागं राहणार होता. निघायच्या सकाळी मी म्हटलं, "बाबो, आल्यावर कठडा मले करू दे. यायोसाठी."

बाबो बैलाची दोरी सोडत होता. त्यानं वरसुद्धा पाहिलं नाही. "तू काऊन? आता पोरगा आहे न घरी."

आणि चैतूकडं वळून म्हणाला, "आमी येईपर्यंत उभा करून ठेव रे. लाकूड पक्कं आनजो."

"हाव, मामा," चैतू म्हणाला.

त्या हंगामात मी किती पानं तोडली ते विचारू नका. माणसांवरचा राग झाडांवर काढला. दुपारी मांडवाखाली बसून यायो पुडे बांधायची आणि म्हणायची, "मैनी, पानं फाडून राह्यली तू. हळू." मी म्हणायची, ऊन लागून राह्यलं. ऊन कसलं! पोटात दुखत होतं माझ्या, आणि त्याला औषध नव्हतं. मनात एकच, कठडा वाकडा होऊ दे. खांबाचं कुसू भोकात सैल बसू दे. बाबोनं हात लावला की डुगडुगू दे.

परत आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. नाल्यातून चढाला लागलो आणि वर पाहिलं तर कठडा उभा. डुगडुगणारा वगैरे काही नाही. नीट ओळंब्यात उभे खांब, मध्ये दोन आडव्या पट्ट्या, वर हात ठेवायला गोल तासलेली दांडी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग. बाबो तिथंच थांबला. डोक्यावरचं गाठोडं न उतरवता ओरडला, "वा रे पोट्ट्या!" आणि झपाझपा वर गेला. सोमीच्या चेहऱ्यावर तर दिवा लागलेला. चैतू माचावर अवघडून उभा, दोन्ही हात पाठीमागं. बाबोनं यायोला हाताला धरून वर आणलं, तिची बोटं दांडीवर ठेवली. यायो त्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली, कोणाचा हात न धरता. मला तिच्या चालण्याचा आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही असेल, पण वर दुसरं इतकं साचलं होतं की खालचं काही कळेना.

आमच्या घरची एक रीत होती. घराला काही नवं लागलं, दार म्हणा, चौकट म्हणा, की घरच्या बाईनं ज्यानं केलं त्याचे हात पाण्यानं धुवायचे आणि तळहाताला हळद लावायची. म्हणजे त्याचा हात त्या घराला लागला असं धरतात. यायो म्हणाली, "सोमे, पानी आन. हळद आन." आणि मी कठड्याकडं पाहत उभी होते. जवळून. खांबाच्या बुंध्याशी, जिथं गाठ तासलेली, तिथं काळपट लाल असं काही वाळून चिकटलं होतं. मी नखानं खरवडलं. लाकडाच्या भोकाशीही तेच. रक्त वाळावं तसं. बाकी लाकूड पिवळट तांबूस. हे लाकूड मी आयुष्यात कधी तासलं नव्हतं, पण उभं झाड मला शंभर झाडांत ओळखू आलं असतं.

"बाबो," मी म्हटलं, "हा बिजा आहे."

आमच्यात घराण्याघराण्याचं झाड असतं. आमचं बिजा. त्याला आम्ही कुऱ्हाड लावत नाही, त्याचं लाकूड चुलीत घालत नाही, वाटेत पडलेलं असेल तर वळसा घालतो. कुऱ्हाड लागली की त्यातून लाल चीक येतो, आणि आमची माणसं म्हणतात, ते आपलंच रक्त. चैतूचं घराणं दुसरं, त्यांचं झाड दुसरं. त्यांच्यात बिज्याच्या खाटा असतात. त्यानं जंगलात जाऊन सगळ्यात पक्कं लाकूड शोधलं आणि आणलं. गाव रिकामं, हटकायला कोणी नाही.

सोमीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. यायोनं दांडीवरचा हात उचलून पोटाशी धरला. चैतूला आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा त्यानं पाठीमागचे हात पुढं घेऊन तळव्यांकडं पाहिलं. आणि मी? मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. सापडली खोड! मी तोंड सोडलं. "याले एवढंई माहीत नाई, आन याच्या हाती घर देऊन राह्यले! इचारलं काऊन नाई यानं? कोनत्या घरात राह्यते ते तं माहीत पाह्यजे मानसाले!"

"त्याले काऊन बोलतं?" बाबो म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "म्या नाई सांगतलं त्याले."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

बाबो त्या खांबाकडं पाहत म्हणाला, "ध्यानातच नाई आलं, मैनी. घरच्या पोराले कोनी सांगते का?"

झालं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तो परका आहे हे सगळ्यांना दाखवायला मी निघाले होते, आणि बाबो विसरूनच गेला होता की तो परका आहे. मला बाबोनं कधी सांगितलं होतं का, बिजा तोडू नको म्हणून? नव्हतं. घरच्या माणसाला सांगत नाहीत. ते दोन्ही शब्द, घरचा आणि पोरगा, त्यानं एका दमात चैतूला देऊन टाकले होते.

गावच्या भूमकानं, म्हणजे देवाचं करणाऱ्या म्हाताऱ्यानं, सांगितलं की कठडा उतरवा, जाळू नका, फेकू नका, जिथून आणला तिथं त्या बुंध्याशी नेऊन ठेवा आणि हात जोडून या. त्या संध्याकाळी घरात मयत झाल्यासारखी चूल पेटली नाही. मडक्यातली शिळी आंबील प्यालो. दुसऱ्या दिवशी चैतूनं एकेक खांब स्वतः खांद्यावरून नेला. बाबो दुसरं टोक धरायला गेला तर त्यानं धरू दिलं नाही. आणि शेवटचं लाकूड ठेवून आल्यावर तो गोठ्यात जाऊन बसला आणि बाबोला म्हणाला, "मामा, माझा हात या घराच्या लाकडाले नको आता. मी जातो. काका येते घ्याले, तोपर्यंत राह्यतो."

सोमीनं जेवण सोडलं. लमसेना असा मध्येच उठून गेला की लग्न मोडलं, आणि पोरीचं नाव निघतं, हे तिला काय, शेळ्यांनाही कळत होतं. यायो परत भिंतीशी जाऊन बसली. आणि बाबो एका सकाळी माझ्यापुढं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मैनी, वाकस आन."

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. बहीण आत रडत होती आणि मी बाहेर मनातल्या मनात गात होते, जे होतं ते सांगते. नवं लाकूड तोडायचंच नाही असं मी ठरवलं. जुना गोठा पाडला होता त्याचे सागाचे खांब पडून होते, वरून करडे झालेले, पण तासले की आतून पिवळे खणखणीत. मोडक्या बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, दोन लांब दांड्या होत्या, पिढ्यान्‌पिढ्या हात लागून गुळगुळीत. त्या वर हाताला. मध्ये आडवे बांबू. विकत काही नाही, खिळासुद्धा नाही. खांबाला खाली खाच पाडून माचाच्या तुळईवर बसवला आणि आरपार भोक पाडून धावड्याची खुंटी ठोकली. खुंटी कोरडी करून ठोकायची, पावसाळी हवेत ती फुगते आणि मग बैलांनी ओढली तरी निघत नाही. उंची घ्यायला मी यायोला आतून आणून उभं केलं, तिचा हात कोपरात जरा वाकवला आणि तळहाताखाली कोळशानं खूण केली. चैतूनं दांडी आपल्या उंचीनं बसवली होती, यायोचा खांदा वर जायचा. करवतीच्या त्या टोकाला बाबो, या टोकाला मी. हाताला फोड आले, फुटले, त्यावर मी चिंधी बांधली. दांडी बसली तेव्हा बाबोनं तिच्यावर सगळा भार टाकून पाहिला आणि म्हणाला, "जमलं." मी तोंड फिरवून हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चैतूचा काका आला. भूमकही आला, नव्या कठड्यावर तांदूळ टाकायला. चार शेजारी जमले. चैतू घोंगडी खांद्यावर टाकून, कुऱ्हाड घेऊन, माचाच्या खाली उभा. यायो दांडी धरून बाहेर आली, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, आणि म्हणाली, "सोमे, पानी आन. हळद आन." मी हातावरच्या चिंध्या सोडायला लागले.

"चैतू," यायो म्हणाली, "वर ये. हात पुढं कर."

चैतू म्हणाला, "मामी, म्या नाई केला. मोठ्या बाईनं केला." मला तो मोठी बाई म्हणायचा.

"ये म्हनतो न तुले. हात कर."

तिला माहीत नव्हतं असं नाही. तिचाच हात धरून मी उंची घेतली होती. वाकसाचा आवाज तिनं दिवसभर ऐकला होता. मी बाबोकडं पाहिलं, की हा आता बोलेल. बाबो म्हणाला, "जा रे, पोरा. मामी बलावून राह्यली." आणि खालच्या फळ्यांकडं पाहत राहिला. चैतू वर आला. यायोनं चाचपत त्याचे हात धरले, धुतले, तळव्यांना हळद लावली, आणि भूमकानं तांदूळ टाकले. या घराच्या लाकडाला त्याचा हात लागला, असं चार माणसांसमोर झालं. काकानं मान डोलावली. चैतूनं घोंगडी खाली ठेवली. सोमी आत पळाली आणि चूल पेटवल्याचा आवाज आला. मी कठड्याच्या टोकाला, अर्धी सुटलेली चिंधी हातात धरून.

दुपारी मी यायोला विचारलं. ओरडूनच विचारलं. ती माझे हात हातात घेऊन फोड चाचपत बसली होती. म्हणाली, "तू तं जानारच आहेस, मैनी. त्याले ठेवाचं आहे."

मग माझं लग्न झालं, मी राजुऱ्याला आले. नवरा कोळशाच्या खाणीत, घर सिमेंटचं, गॅलरीला लोखंडी गज. बरं चाललं. यायो त्या कठड्याला धरून शेवटपर्यंत माचावर हिंडली, आणि बाबो गेला तेव्हा त्याचं डोकं चैतूच्या मांडीवर होतं. कठडा अजून आहे. बांबू कितीदा बदलले, खांब आणि दांडी तीच. गावात त्याला चैतूचा कठडा म्हणतात.

मागं सोमीच्या नातीच्या लग्नाला गेले होते. माचावर पाहुणे बसलेले, चहा चाललेला. कोणीतरी दांडीवर हात फिरवून म्हणालं, जुनं काम, वा. चैतू आता वाकलाय, दात गेलेत. तो म्हणाला, "माझं नाई हे. मोठ्या बाईनं केलं, ह्या बसल्या न, याहीनं." तो हे दर वेळी सांगतो, येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, इतकी वर्षं सांगत आलाय. पाहुण्यांनी माझ्याकडं पाहिलं, माझ्या लुगड्याकडं, माझ्या हातांकडं, मग एकमेकांकडं पाहून हसले. एक जण म्हणाला, "पाहा बाप्पा, किती मोठं मन! सोताचं काम साळीच्या नावावर देऊन राह्यला." सगळ्यांनी माना डोलावल्या. चैतू घाबरून माझ्याकडं पाहायला लागला. मी कपातला चहा संपवला, उठले आणि आत चुलीपाशी सोमीकडं जाऊन बसले. अजून जळते मी त्या माणसावर.